दयारामची नऊ खळी

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की मला दयारामचा हेवा वाटायला लागतो.

दरवर्षी हा हेवा ठरल्या वेळी येतो. आधी हवेत ताज्या तणसाचा वास पसरतो. मग सकाळी धुऱ्यावरून, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावरून, चालताना गवतातलं दव चपलेत शिरतं आणि अंगठा बधिर होतो. तलावात शिंगाडे काढणाऱ्यांचे डोंगे फिरायला लागतात. कपाटातून कानटोपी निघते, तिला डांबराच्या गोळीचा वास असतो, आणि तिच्याच घडीत जपून ठेवल्यासारखा हेवा बाहेर पडतो. माझ्या वयाच्या माणसांचे थंडीत गुडघे दुखतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. माझं हे दुखतं.

आत्ताही खिडकीतून बांध्या, भाताची ही खाचरं, दिसताहेत. कापलेल्या धानाचे बोटभर ठोंब, त्यांच्यामधून हिंडणारे बगळे, आणि पार खाली नाल्याकडच्या बांधीत सारसांची जोडी, मोजणीला आलेल्या सरकारी माणसांसारखी मान उंच करून उभी. मधे मधे शेणानं सारवलेले नऊ गोल, आणि प्रत्येक गोलात वेळूच्या काडीवर जुन्या लुगड्याचा एकेक तुकडा. तो आमचा गोल्फ.

हसा. मीही हसलो होतो. इटियाडोह धरणाच्या बाजूच्या आमच्या गावात गोल्फ आला तेव्हा सगळ्यात जास्त मीच हसलो, आणि सगळ्यात आधी चोरून काठी फिरवून पाहिली तीही मीच.

आणला तो दयारामनं. दयाराम कापगते माझा वर्गमित्र. आमच्या गावचा तलाव त्याच्या पूर्वजांनी बांधला असं म्हणतात. तो स्वतः ते कधीच सांगत नाही, आणि मला त्याचाही हेवा वाटतो. माझ्या पूर्वजांनी साधी विहीर जरी खणली असती, तर मी ती लग्नाच्या पत्रिकेवर छापली असती. लहानपणी तो मला 'अबे' म्हणायचा. मी मास्तर झालो तसा 'गुरुजी' म्हणायला लागला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. 'अबे' गेलं म्हणजे काहीतरी गेलंच, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

विशीत तो छत्तीसगडात एका पोलादाच्या कारखान्यात लागला आणि तिथल्या साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर माळी झाला. गवत कापायचं, पाणी द्यायचं, आणि दर आठवड्याला मैदानातली भोकं बुजवून दुसरीकडं नवी खोदायची. जन्मभर हेच. निवृत्त होऊन परत आला तेव्हा सोबत बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं दिलेली फाटकी पिशवी होती. तिच्यात सात काठ्या. एका काठीची मूठ निघालेली, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

"तू खेळायचास का तिथं?" मी विचारलं होतं.

"मी कायले खेळतो, गुरुजी. मी खेळवत होतो."

असं एखादं वाक्य मला चौतीस वर्षांच्या नोकरीत सुचलं नाही. नोंद घ्या, हेवा इथून सुरू झाला.

तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. धान घरात आलं होतं, कामं संपली होती, उन्हाळी धानाचं पाणी सुटायला वेळ होता. दयाराम रोज सकाळी रिकाम्या बांध्यांमधून फिरायचा. नुसता फिरायचा, कुठंतरी थांबायचा, उकिडवा बसून बांधीकडं बघायचा. मला वाटलं, नोकरी सुटलेल्या माणसाचं होतं तसं काहीतरी झालं असेल. मी त्याला दोन समजुतीच्या गोष्टी सांगायला गेलो, तर त्यानं माझ्या हातात पाटी दिली आणि शेण आणायला धाडलं.

गोल्फमध्ये चेंडू काठीनं मारत मारत भोकापर्यंत न्यायचा असतो. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. भोकाभोवती गालिच्यासारखी हिरवळ हवी. आमच्याकडं पौषात हिरवळ कुठली? दयारामनं त्यावर काढलेला तोडगा माझ्या डोक्यात कधीच आला नसता. मळणीसाठी आपण खळं करतो तसं त्यानं केलं: जमीन ठोकली, पाणी मारलं, शेणानं सारवली. चार दिवसांत तळहातासारखी गुळगुळीत. मधोमध रंगाचा रिकामा डबा पुरला. अशी नऊ खळी. सारवायला त्याच्या घरच्या बायका आणि माझी बायको नलू. मला एक खळं सारवायला दिलं होतं; ते नंतर नलूनं पुन्हा सारवलं.

चौघं खेळायचो. दयाराम, मी, नलू, आणि गोंदियात राईस मिल असलेला रहांगडाले, जो दर रविवारी गाडी घेऊन यायचा. रहांगडाले माझा जुना विद्यार्थी. गणितात नापास. मला तो 'सर' म्हणतो, पण त्या 'सर'मध्ये अजून थोडा नापासाचा राग आहे.

नऊ खळ्यांपैकी तीन माझ्या बांध्यांत होती. म्हणजे फेरीच्या मामल्यात माझंही काही चालायला हवं होतं. पण कुठल्या खळ्यानंतर कुठलं, हे सगळं दयारामनं आधीच ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

त्याचा क्रम असा. सुरुवात तलावाच्या तुडुमाशी, म्हणजे पाणी सोडतात तिथं. पहिलं खळं अगदी जवळ, मधे धुरा नाही की खड्डा नाही. आंधळ्यानंही तीन फटक्यांत घालावं. दुसरं एक धुरा ओलांडून. तिसरं वाईट, तिथं एक खोल डबरं आहे आणि चेंडूला ते फार आवडतं. तिसऱ्यानंतर चौथं कुठं, तर पार लांब. मधल्या दोन बांध्यांत उभ्या धानातच लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, फेकलेली, ती आता वीतभर वर आलेली. तिच्यात पाय टाकायचा नाही, म्हणून धुऱ्याधुऱ्यानं नुसतं चालत जायचं. काठी खांद्यावर, लाखोरीची निळी फुलं दोन्ही बाजूंना. पाचवं नाल्याच्या अलीकडं, स्मशानाच्या शेडजवळ. तिथं दयाराम म्हणायचा, "पटकन मारा अन् निंगा." सहावं सारसांच्या बांधीत, पण तिथं पोचेपर्यंत सारस चरून पुढं गेलेले असत. मग सातवं, आठवं पाटाच्या कडेनं वर वर, आणि नववं तलावाच्या पाळीखाली मोहाच्या झाडाशी. तिथं दगडांच्या चुलीवर उकडलेल्या शिंगाड्यांचं पातेलं असे. गरम शिंगाड्याची साल बोटाला चटका देते, आतला गर पिठूळ, जरा मातीच्या चवीचा. पाळीवर ऊन आलेलं असायचं. कुणालाच उठावंसं वाटायचं नाही.

"हा क्रम कसा काढलास?" मी एकदा विचारलं. आवाजात शक्य तितका बेफिकीरपणा आणून.

"काढला नाई, गुरुजी. पाणी जसं जाते तसं चाललो. तुडुमातून निंगते, बांधीबांधीनं उतरते, नाल्यावर जाते. मंग आपण पाटानं परत. पाणी येत नाई परत, आपल्याले या लागते."

रहांगडाले म्हणाला, "वा भाऊ, क्या बात है." नलू हसली. लग्न झाल्यापासून मी घरात विनोद करतो आहे. त्यांना ती हसते, पण कपडे वाळत घालता घालता. हे हसणं वेगळं होतं. हात थांबवून हसली.

आता सांगून टाकतो. मला दयारामला हरवायचं नव्हतं. ते जमणार नाही हे मला माहीत होतं. नलू मला एकाच काठीनं हरवायची, तिथं दयारामचं काय. मला फक्त एवढंच हवं होतं, की आयुष्यात एकदा तरी त्यानं माझ्याकडं बघावं आणि त्याला मनातून थोडं जळजळावं. मला रोज जळजळायचं. एकदा त्याला. बस.

मी आधी वादानं सुरुवात केली. मोहाखाली शिंगाडा सोलत म्हणालो, "क्रमाचं एवढं काय आहे? नऊ आकडे कुठल्याही क्रमानं मिळवा, बेरीज तीच येते. चौथीचं गणित आहे."

दयारामनं चुलीत एक काटकी सरकवली. "बेरीज तेच राहीन, गुरुजी. माणूस तोच राहीन का?"

रहांगडालेनं टाळी वाजवली. मला तो नापास का झाला होता ते आठवलं आणि त्या निकालाबद्दल समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून गावचा नकाशा काढला. तलाठ्याकडून आणलेला, घडीवर फाटलेला. त्यावर प्रत्येक बांधीचा गट क्रमांक. आणि मला साक्षात्कार झाला. दयारामचा क्रम काय, त्याच्या पायाला वाटला तसा. इथं तर प्रत्यक्ष सरकारनं क्रम देऊन ठेवला आहे. वर मांडणी पाहा कशी: एका कोपऱ्यापासून सुरू होऊन, एक नंबर सोडत नाही. गणिताच्या माणसाला आणखी काय पाहिजे. गट क्रमांकांप्रमाणे खळी लावायची. लोक खेळतील, त्यांना बरं वाटेल, मग मी हळूच सांगेन की आजचा क्रम कुणाचा होता.

रविवारी पहाटे, तांबडं फुटता फुटता, मी कानटोपी घालून बांध्यांत शिरलो. झेंड्यांवर दयारामनं डांबरानं आकडे काढले होते. नऊ झेंडे उपटले, नऊ झेंडे नकाशाप्रमाणे रोवले. पायजमा गुडघ्यापर्यंत दवानं ओला. घरी येऊन पांघरुणात शिरलो, तर नलू म्हणाली, "कुठी गेले होते?"

"फिरायला."

"कागद घेऊन?"

सकाळी तुडुमाशी चौघं जमलो आणि पहिल्या झेंड्याच्या जागी दुसराच झेंडा निघाला. डोळ्यांवर हात धरून दयारामनं लांबवर पाहिलं. "एक नंबर थो खाली हाय," तो म्हणाला. "चला."

गट क्रमांकाप्रमाणे पहिलं खळं होतं सारसांच्या बांधीत. रोज आम्ही तिथं पोचायचो तोवर ते निघून जायचे. आज आम्ही भल्या सकाळी त्यांच्या जेवणाच्या पंगतीत घुसलो. सारस लांबून देखणा दिसतो. दहा पावलांवर तो जवळजवळ तुमच्याएवढा असतो आणि त्याला तुमचं काही पटत नसतं. नरानं पंख पसरले, मान आकाशाकडं केली आणि दोघांनी मिळून जी आरोळी ठोकली, तिनं रहांगडालेच्या हातातली काठी सुटली. तो "अरे बाप रे" म्हणत मागं सरकला आणि धुऱ्यावरून उताणा पडला. माझा चेंडू नाल्यात गेला. दुसरा चेंडू, तोही नाल्यात. पहिल्याच खळ्यावर मला अकरा फटके लागले, आणि मग दिवसभर माझ्या हातून एकही फटका सरळ गेला नाही.

दुसरं खळं पार दुसऱ्या टोकाला. तिसरं पुन्हा इकडं. कारण काय, तर नंबर एका ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, पुढच्या ओळीत उलटे येतात, आणि आमची खळी त्यांतल्या नऊच बांध्यांत. मधले नंबर गाळले की उरलेले कुठंही उड्या मारतात. हे नकाशावर बोट फिरवताना कळत नाही, बोटाला धुरे लागत नाहीत. आम्ही म्हैस हरवलेल्या माणसांसारखे बांध्यांतून इकडून तिकडं हिंडत होतो. सूर्य समोरून डोळ्यात. एकदा आमचीच वाट आम्ही कापली आणि माझा चेंडू नलूच्या कानाजवळून गेला. लाखोरीच्या बांधीला तीनदा वळसा. तिथं रोज आम्ही गप्पा मारत चालायचो. त्या दिवशी कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

आणि नववं, शेवटचं खळं? तुम्ही ओळखलंच असेल. स्मशानाच्या शेडजवळ.

तेच खळं रोज पाचवं असायचं. पाचवं असताना ते नुसतं खळं होतं. शेवटी आल्यावर तिथं ना मोह, ना शिंगाडे. नुसती पत्र्याची शेड आणि शेडमधला काळा ओटा. चौघं दमून उभे. माझा चेंडू डब्यात पडला, टण असा आवाज झाला आणि पुढं करण्यासारखं काही उरलं नाही.

रहांगडाले पँटीवरची माती झटकत म्हणाला, "सर, परीक्षा में फेल किया सो किया. अब सीधा यहीं लाके छोड़ोगे क्या?"

"मी काय केलं?" मी म्हणालो. "झेंडे बकऱ्यांनी पाडले असतील. कुणीतरी उचलून कसेही लावले."

दयारामनं नवव्या झेंड्यावरचा आकडा अंगठ्यानं पुसल्यासारखा केला. "बकऱ्यायले आकडे येते काय, गुरुजी?"

मी चेंडू काढायला डब्यात हात घातला.

"अन् येते त येते, सातबाऱ्याचे नंबर बी पाठ हायेत त्यायले." तो हसला नाही, हे सगळ्यात वाईट. "ज्यानं कागदावर हे नंबर टाकले ना, थो चालत नोहता. थो बसून होता."

मग त्यानं एकट्यानं फिरून नऊच्या नऊ झेंडे परत जागेवर लावले. मी मदतीला गेलो नाही. लाज वाटली म्हणून नाही. त्यानं ते न बघता, न अडखळता लावले, म्हणून.

त्या दुपारी जेवताना नलूनं लाखोरीची भाजी वाढली आणि ती तिची जी शांत पद्धत आहे त्या पद्धतीनं म्हणाली, "पयलं खळं इतकं जवळ काऊन ठेवलं, माहीत हाय का तुम्हाले?"

"सोपं आहे म्हणून."

"तुमच्यासाठी. दयारामभाऊ बोलले होते मले पयल्याच दिवशी. गुरुजीचं पयलं बिघडलं का दिवस बिघडते. पयलं जवळ ठेवू म्हणे. तिसऱ्यावर ते चिडतीनच, म्हणून मंग चौथं लांब. लाखोरीतून चालत जातीन त राग उतरते."

मी भाजीचा आणखी एक घास घेतला.

"त्या कारखान्यात त्याहीनं पाहून ठेवलं होतं," ती म्हणाली. "पयल्याच भोकावर साहेबाचा चेंडू पाण्यात गेला, का दिवसभर त्या साहेबाचा राग कामगारायवर निंगे. थे भोक मागं सरकवा म्हणून माळी लोक सांगत, पण माळ्याचं कोण आयकते."

लाखोरीची भाजी जरा तुरट असते. मी ती संपवली. मला राग यायला हवा होता, की या माणसानं माझ्या रागाचं मोजमाप घेऊन त्यावर फेरी बेतली. किंवा गहिवर यायला हवा होता. आला तो हेवाच. माझा राग किती पावलांत उतरतो, हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं. त्याला धुऱ्यावर उकिडवं बसून कळलं. आणि नलूला ते माहीत होतं, आणि तिनं मला सांगितलं नव्हतं, आणि ते दोघं रोज लाखोरीच्या कडेनं माझ्यामागं चालत माझा राग उतरताना बघत होते.

त्या हिवाळ्यात रात्री झोप लागेना तेव्हा मी माझे पेपर आठवायचो. परीक्षेचे. चौतीस वर्षं मी गणिताचा पेपर काढला आणि चौतीस वर्षं पहिला प्रश्न सगळ्यात कठीण ठेवला. मला त्याचा अभिमान होता. पोरांचा कस लागतो म्हणायचो. वर्गात पेपर वाटले की पहिल्या पाच मिनिटांत जी शांतता पसरायची, पेन टेकवून बसलेल्या पोरांची, ती मला परीक्षेची शिस्त वाटायची. मार्च महिन्यातली ती शांतता. खिडकीबाहेर मोहफुलांचा वास, आणि आत पोरं पहिल्या प्रश्नाच्या नाल्यात एकामागून एक चेंडू घालवताहेत. मार्कांची बेरीज तीच, मी म्हणायचो. सोपे प्रश्नही त्याच पेपरात होते की. शेवटी.

पुढच्या रविवारी पहिल्या खळ्याकडं चालताना मी रहांगडालेला विचारलं, "तू कितव्या प्रश्नापर्यंत पोचला होतास रे?"

त्याला लगेच कळलं, कुठल्या परीक्षेबद्दल. "पहिलाच करत होतो, सर. तीन घंटे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाने दो सर. मिल तो चल रही है."

मी त्या दिवशी पहिलं खळं दोन फटक्यांत घातलं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

मधले दोन हिवाळे तसेच गेले. दयारामच्या क्रमानं, पाण्याच्या वाटेनं. मी गुपचूप खेळलो, गुपचूप जळलो. मग या पावसाळ्यात त्याचा गुडघा गेला. गोंदियाला दवाखान्यात नेलं, महिनाभर खाटेवर, आता काठी घेऊन चालतो. खेळायची नव्हे, टेकायची काठी. धान कापणीला आलं तसं मी त्याच्या ओसरीवर गेलो, तर तो पाय लांब करून बसला होता.

"आवंदा तुम्हीच लावा नंबर," तो म्हणाला. "माझ्यानं फिरणं होत नाई."

हे मी इतकी वर्षं मागत होतो. मिळालं तेव्हा मात्र घरी आलो, सवयीनं नकाशा काढला आणि न उघडता परत ठेवला.

चार सकाळी मी नुसता चाललो. डाव्या हातात नलूची छत्री काठीसारखी धरून, डावा पाय ताठ ठेवून, दयारामच्या गुडघ्यानं. नलू धुऱ्यावर उभी राहून बघायची आणि पदर तोंडाला लावायची. कुठला धुरा चढायला उंच आहे, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. कुठं उतार सरळ आहे, कुठं बसायला दगड आहे, कुठून चालायला लागलं तर बसायच्या जागा थकव्याच्या आधी येतात. पाण्याची वाट मी सोडून दिली. पाण्याला गुडघे नसतात. सुरुवात ठेवली दयारामच्या घराच्या मागच्या सपाट बांधीतून, जिथं एकही धुरा ओलांडायचा नाही. लांबचं चालणं आधी, पाय ताजा असताना. सारसांना वळसा. स्मशान मधेच, पटकन. शेवट मात्र तोच, मोहाखाली. पण पाळ चढून न जाता खालून, बैलगाडीच्या चाकोरीनं.

गेल्या रविवारी खेळलो. दयारामनं एका हातानं काठी टेकत, दुसऱ्या हातानं चेंडू मारला. नऊच्या नऊ खळी केली, आणि एकदाही धापा टाकल्या नाहीत. रहांगडाले म्हणाला, "सर, इस बार तो मज़ा आ गया." नलूनं पातेल्यातला सगळ्यात मोठा शिंगाडा काढून माझ्या हातावर ठेवला, आणि पुन्हा हातातलं काम थांबवून हसली. माझ्यासाठी.

दयाराम मात्र साल सोलत बसला. बराच वेळ एकच शिंगाडा. मी वाट बघितली. शेवटी विचारलंच.

"बरं हाय," तो म्हणाला. आणि उठला.

बरं हाय. मी घरी येऊन या दोन शब्दांना उलटंपालटं करून बघितलं. काहीही निघालं नाही. चार दिवस मी त्याचा पाय लावून चाललो आणि त्याला बरं हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाखाली राहिलेली कानटोपी आणायला गेलो. दव पडलं होतं. वाटेत तिसऱ्या खळ्याशी पाय थांबला. झेंड्यावर सहाचा आकडा होता. सहाव्याकडं गेलो, तिथं तीन. आणि दोन्हींच्या मधल्या ओल्या मातीत, धुऱ्यावरून, चाकोरीतून, पुन्हा धुऱ्यावरून, चपलांच्या ठशांशेजारी एकेक गोल टोचा. काठीचा. एका बाजूला जास्त रुतलेला, कारण त्या बाजूचा पाय दुखतो.

ज्या गुडघ्याला एकही उंच धुरा लागू नये म्हणून मी चार दिवस छत्री टेकत फिरलो, तो गुडघा घेऊन हा माणूस पहाटे उठून दोन उंच धुरे चढला होता. झेंडे बदलायला. कुणाला न सांगता.

पायांची बोटं गार पडली होती आणि छातीत मात्र चुलीशी बसल्यासारखं वाटत होतं. मी ते टोचे एकेक करून पाहिले. लहानपणी पेपरात पैकीच्या पैकी मिळाले की मी तो कागद असाच पुन्हा पुन्हा बघायचो.

त्याच्या ओसरीवर गेलो. तो चहा पीत होता. चपला माखलेल्या, बाजूला काढून ठेवलेल्या.

"तीन आणि सहाचे झेंडे बदललेत," मी म्हणालो.

"बकऱ्या असतीन."

"बकऱ्यांना आकडे येतात का, दयाराम?"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "येत असतीन. तुमच्याच शाळेत शिकल्या असतीन." मग माझ्याकडं न बघता बशी पुढं केली. "बस ना अबे. कायले उभा हायेस."

चहा अर्धा झाल्यावर तो पुन्हा बोलला. "पयलं खळं मात्र नाई हलवलं बकऱ्यायनं. पाहून ये पायजे त."

या रविवारी आम्ही बकऱ्यांच्या क्रमानं खेळलो. मी मुद्दाम लक्ष देऊन चाललो, कुठं चूक सापडते का बघत. तिसऱ्याच्या जागी सहावं आल्यानं सूर्य पाठीशी पडला, मधला चढ चुकला आणि माझ्या हातून या वर्षातले सगळ्यात कमी फटके गेले. फेरी आधीपेक्षा चांगली झाली होती. थोडीशीच. पण चांगली.

मोहाखाली दयाराम शिंगाडा सोलत होता आणि पाळीवरच्या उन्हाकडं बघत होता, जसं काही त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही. मी कानटोपी कानांवर ओढून घेतली. हेवा परत आला होता. मी त्याला शेजारी जागा करून दिली आणि पातेल्यात हात घातला.